घरचाच कोयता

धामापूरचं तळं १५३० सालचं. नागेश देसाईंनी दोन डोंगरांमध्ये बांध घालून पाणी अडवलं. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्या अजून थेट त्या पाण्यात उतरतात. २०२१च्या मे महिन्यात त्या पायऱ्यांवर बसून मी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांचं टिपण वाचत होतो. वाडीत रोज कुणाकडची तरी वाईट बातमी यायची, आणि मागोमाग कुणीतरी म्हणायचं, ‘आंगात बळच नाय होतां.’

टिपणात महाराष्ट्रातल्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा विषाणू होता. त्याच्या काट्यातल्या, म्हणजे स्पाइक प्रथिनातल्या, १२७३ अमिनो आम्लांपैकी ६८१वं बदललं होतं. प्रोलीन जाऊन अर्जिनीन आलं होतं.

काटा चिरला गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही, आणि चिरायचं हत्यार त्याच्यापाशी नसतं. रिकाम्या हाताने आलेल्याने पडवीत अडकवलेला आपलाच कोयता घ्यावा, तसं तो आपलं फ्युरिन वापरतो. हे विकर पेशीत अखंड राबत असतं. इन्सुलिन ओळखणारं प्रथिन, वाढीचे घटक, अशी कितीतरी प्रथिनं अर्धवट घडून येतात. अर्जिनीनची दाटी असलेली जागा शोधून फ्युरिन तिथे छेद देतं, तेव्हा ती कामाला लागतात. नवे विषाणू पेशीतून बाहेर निघताना त्यांचे काटेही त्याच्यापुढून जातात. त्यांनाही ते तितक्याच निष्ठेने छेदतं. ६८१व्या जागी अर्जिनीन आल्यावर तर ते काम आणखी सोपं झालं.

पुढच्या पेशीवर काटा एसीई-२ला चिकटतो. तेही विकरच, रक्तदाब आवरणारं. मग शेजारचं टीएमपीआरएसएस-२ दुसरा छेद देतं आणि विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जातं. टीएमपीआरएसएस-२ नसलं तर पेशी विषाणूला गिळते, आणि आत कॅथेप्सिन-एल तेच काम करतं.

गेलेल्यांच्या अंगात बळ नव्हतं, हे बोलणं मला तेव्हा सोसेना, आजही सोसत नाही. त्यांची फ्युरिनं शेवटपर्यंत नेमून दिलेलं काम चोख करत होती. आणि फ्युरिन बंद पाडावं तर जगणंच थांबतं. ज्या उंदरांमध्ये ते नव्हतं, ते गर्भातच मेले.

म्हणून बदलायचा तो काटा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोव्होवॅक्स लशीतल्या काट्यात त्या जागेची अर्जिनीनं काढून ग्लुटामीन बसवलेलं असतं. फ्युरिनला छेद द्यायची जागाच तिथे सापडत नाही.