शेजार कुठे राहतो?

वरळीच्या बीडीडी चाळींत शिरलो, तेव्हा डोळ्यांना प्रथम अंधार दिसला आणि मग माणसे. १९२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने या चाळी कामगारांसाठी बांधल्या. तळमजल्यावर चढवलेले तीन मजले. मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि मधून जाणारा एकच लांबलचक पॅसेज. संडास सामाईक.

म्हणजे गैरसोयच म्हणा ना! पण गंमत पाहा. खोलीत मावेना म्हणून संसार पॅसेजमध्ये आला, आणि संसार बाहेर आला म्हणून शेजार जुळला. दार उघडे ठेवल्याशिवाय वारा येत नसे. उघड्या दारातून वाऱ्यामागोमाग शेजारीणही येई. आजारी म्हातारीला पेज कोणी द्यायची, हे ठरवायला सभा भरवावी लागत नसे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये इथल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरातच संडास, वर जायला लिफ्ट! ज्यांनी पिढ्यान् पिढ्या या सुखाची वाट पाहिली, त्यांना चाळीचे गोडवे ऐकवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मात्र अडचणीने जुळवलेला शेजार सोयीत आपोआप टिकत नाही. तो हौसेने जपावा लागतो. तेव्हा वाचकहो, यंदा फराळाचे ताट झाकून घ्या, लिफ्टने एक मजला वर जा आणि दारात उभे राहून हाक मारा. बेल काय, कोणीही वाजवतो!