दुधाचे खाडे

“या वर्षी तरी पावसावर कविता देऊ नकोस,” आपल्या अंकाच्या मराठी विभागाच्या संपादकानं मला मेसच्या रांगेत गाठून सांगितलं. मागच्या अंकात पावसावरच्या एकूण नऊ कविता होत्या आणि त्यातली एक माझी होती. ती छापून आल्यावर माझ्या रूमपार्टनरनं अख्खी विंग गोळा करून मोठ्यानं वाचून दाखवली आणि त्या संध्याकाळपासून मी पावसाचा नाद सोडला. (पाऊस मात्र पडतोच आहे.) “लेख दे. दोन-तीन पानं. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच पाहिजे,” असं म्हणून तो माझ्या पुढं घुसला आणि शेवटची गरम पोळी घेऊन गेला.

आता लेख दे म्हणणं सोपं असतं हो. ड्रॉइंगची शीट असती तर कुणाची तरी घेऊन रात्रीत जीटी मारली असती. लेखाची जीटी मारता येत नाही. म्हणजे येते, पण आपल्या ग्रंथालयातल्या मॅडम ती ओळखतात. त्यांनी गेल्या दहा वर्षांतले सगळे अंक वाचलेत.

तर विषय शोधायला बसलो. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा दहावीतच संपला. ‘आजचा तरुण कुठे चालला आहे?’ तो कॅन्टीनला चालला आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. माझं प्रामाणिक मत असं होतं की लिहायचं तर आधी आयुष्यात काहीतरी घडायला हवं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. माझी मजल फार तर रेक्टरच्या ऑफिसपर्यंत गेलेली.

हेच मी मॅडमना बोलून दाखवलं. त्या कार्डावर शिक्का मारता मारता म्हणाल्या, “तुरुंगात बसून लिहिलं, पण लिहिलं कशावर? घरावरच ना?” मग उठून कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढून माझ्या हातात ठेवलं. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईनं उतारवयात स्वतःच्या संसारावर लिहिलं आणि ते १९३४ ते १९३६ मध्ये भागाभागांनी छापून आलं, हेही सांगितलं. बहिणाबाई चौधरींना तर लिहितावाचताही येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत. ती घरातल्यांनी उतरवून ठेवली होती म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. “दिवाळीला घरी जातोयस ना? बघ काही सापडतंय का,” मॅडम म्हणाल्या.

मी मनात म्हटलं, मॅडम, तुम्ही आमचं घर बघितलेलं नाही.

आमचं घर इचलकरंजीत. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला आणि तेव्हापासून गावाला झोप अशी नाही. रात्रंदिवस खटाखट, खटाखट. हॉस्टेलवर आलो तेव्हा पहिले आठ दिवस मला शांततेमुळं झोप लागत नव्हती, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पप्पा एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी आहेत. आई घरी असते. सकाळी चहा, दहाला पप्पा पेढीवर, संध्याकाळी आल्यावर पुन्हा चहा, रात्री बातम्या, अकराला दिवे बंद. यात ‘स्मृतिचित्रे’ कुठून येणार? पुस्तक बॅगेत टाकलं ते टाकलंच.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आईनं कामाला लावलं. माळा झाडून झाला, पंखे पुसून झाले, मग म्हणाली, “गवळ्याचा ऑक्टोबरचा हिशेब राहिलाय बघ. तो तीनच खाडे म्हणतोय. तू जरा कॅलेंडर बघून नीट काढ. आता इंजिनिअर झालास की.”

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं खिळ्याला ‘कालनिर्णय’ असतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं तेव्हा तिथी, सण, मुहूर्त, मागच्या बाजूला लेख असा सगळा विचार केला असेल. पण चौकोनात कोपऱ्याला जी जागा उरते ती महाराष्ट्रातल्या गृहिणींसाठीच ठेवली आहे, अशी माझी खात्री आहे. आई त्या जागेत सगळं लिहिते. नळाला पाणी आलं त्या दिवशी ‘पा’ (आमच्याकडं पाणी रोज येत नाही, त्यामुळं ही मोठी नोंद). सिलिंडर लावला त्या दिवशी ‘गॅ’. दूध आलं नाही की फुली.

मी खुर्ची ओढून बसलो. ऑक्टोबरच्या पानावर आठ फुल्या होत्या. एकतीस वजा आठ, तेवीस दिवस. रोजचं दीड लिटर, म्हणजे साडेचौतीस लिटर. सत्तर रुपयांनी दोन हजार चारशे पंधरा. सगळं तोंडी केलं, कॅल्क्युलेटरला हात न लावता, आणि मोठ्या तोऱ्यात आकडा सांगितला.

आई कढईतल्या चकल्या काढत होती. वळूनसुद्धा न बघता म्हणाली, “चुकलं.”

“कुठं चुकलं?”

“दोन ठिकाणी. दूध अर्धा लिटर धर. आणि खाडे पाच आहेत.”

“आठ फुल्या आहेत की.”

“खालच्या कोपऱ्यातल्या पाच दुधाच्या.” मग झारा तसाच धरून जरा वेळ थांबली. “वरच्या तीन तुझ्या.”

मी पुन्हा बघितलं. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या तिन्ही फुल्या रविवारच्या चौकोनात होत्या. उरलेल्या एका रविवारी तिथं ‘फो’ लिहिलेलं होतं.

हॉस्टेलवर आलो तेव्हा ठरलं होतं की दर रविवारी सकाळी मी फोन करायचा. पहिल्या वर्षी केलाही. मग कधी सबमिशन, कधी मॅच, कधी रात्रभर जागून दुपारी एकला उठणं. आईनं त्यावरून कधी अवाक्षर काढलं नाही. फक्त गवळ्याला लावते तोच नियम मला लावला. फरक इतकाच, की महिनाअखेरीला त्याचे पैसे कापता येतात.

यावर काय बोलावं ते मला सुचेना. माणूस अशा वेळी दुसऱ्या चुकीकडं वळतो. विचारलं, “आणि दूध अर्धा लिटर कधीपासून?”

“आता दोघंच तर असतो. किती लागतंय?”

उत्तर बरोबर होतं. पण मला हॉस्टेलवर जाऊन दोन वर्षं होऊन गेलीत. मी पानं मागं उलटली. जुलैत ‘१ लि.’ लिहिलेलं. ऑगस्टमध्येही तेच. एक सप्टेंबरच्या चौकोनात ‘½’. मग मी आणखी एक खूण शोधली, जी मला लहानपणापासून माहीत आहे. दर महिन्याच्या सात तारखेला आई गोल करून आत ‘प’ लिहिते. प म्हणजे पगार. जुलैपर्यंत सगळे गोल सातलाच, एका ओळीत. ऑगस्टचा गोल बावीस तारखेला, शेजारी ‘निम्मा’. सप्टेंबरचा एकोणतीसला, पुन्हा ‘निम्मा’. ऑक्टोबरच्या पानावर गोलच नव्हता.

आणि चौदा सप्टेंबरला लिहिलं होतं : ‘टूर १८००. चष्मा पुढं.’

टूर माझी. इंडस्ट्रियल व्हिजिट नावाच्या त्या प्रकारात कारखाना किती वेळ बघतात आणि बीचवर किती वेळ काढतात, ते आपल्याला माहीत आहे. सरांनाही माहीत आहे. मी फोनवर सांगितलं होतं, “कंपल्सरी आहे.” पैसे दुसऱ्या दिवशी आले होते. चष्मा कुणाचा ते मला रात्री कळलं.

पप्पा पेढीवरून आले, चहा झाला, आणि आईनं कॅलेंडर काढून त्यांच्या हातात दिलं. “ह्यानं हिशेब केलाय, एकदा बघून घ्या.” पप्पांनी कॅलेंडर हात पूर्ण लांब करून धरलं, मग दिव्याखाली सरकले, मग मान मागं नेली. “सव्वीस दिवस, तेरा लिटर, नऊशे दहा,” ते म्हणाले. “गवळ्याच्या हिशेबानं नऊशे ऐंशी. सत्तर रुपयांसाठी कशाला भांडताय?” मग माझ्याकडं बघून, “दोन हजार चारशे पंधरा कुठून आणलेस तू? एम-थ्री सुटलाय ना?”

आम्ही हसलो. हसण्याच्या भरातच मी पगाराचं विचारलं.

पप्पांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. मग एखाद्या नव्या पोराला पेढीवरचं काम समजावून सांगावं तसं सांगितलं. सूत उधारीवर जातं. मागवाला त्याचं कापड विणतो. कापड बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडं जातं, तेही उधारीवर. तिथं माल उठला की पैसे उलट्या वाटेनं येतात. तिथं अडलं की मागवाला अडतो, मागवाला अडला की मालक अडतो. “आणि मालक अडला की दिवाणजी. मी तर रोज वहीत बघतोय ना, कुणाकडं किती अडकलंय ते. कुठल्या तोंडानं मागू? येतील.”

“मला सांगायचं तरी.”

“तुझ्या परीक्षा होत्या,” आई म्हणाली.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. शेजारच्या कारखान्याचे निम्मेच माग चालू होते. आमच्याकडचा माणूस ते नुसत्या आवाजावरून सांगतो, मी मात्र घरी येऊन दोन दिवस झाले तरी ऐकलं नव्हतं.

सकाळी माळ्यावर चढलो. आई जुनी कॅलेंडरं टाकत नाही. गुंडाळी करून, सुतळीनं बांधून ठेवते. माळा झाडताना मीच ती एका बाजूला सारली होती. खाली आणून एकेक सोडलं. २०१९ च्या ऑगस्टच्या पानावर ‘पूर’ आणि पुढं ओळीनं फुल्या. पंचगंगा गावात शिरली होती, दूध कुठून येणार? २०२० च्या मार्चमध्ये पंचवीस तारखेला ‘माग बंद’. बास, एवढंच. त्या दिवसांत गाव इतकं गप्प झालं होतं की आम्ही तिघंही रात्री दचकून उठायचो. त्यावर पानंच्या पानं लिहिता आली असती. आईनं दोन शब्दांत संपवलं. मी हॉस्टेलवर गेलो त्या दिवशीच्या चौकोनात काहीही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून दुधापुढचं ‘१॥’ जाऊन ‘१’.

दुपारी आईला विचारलं, “मी ह्याच्यावर लिहू का? कॉलेजच्या अंकात?”

“कशावर? दुधावर?” तिला आधी चेष्टाच वाटली. मग म्हणाली, “लिही की. पण पगाराचं नको. आणि अर्ध्या लिटरचंही नको. बरं दिसत नाही ते.”

मी म्हटलं, मग उरतंय काय? नऊशे दहा रुपये? ती काही बोलली नाही. आणि मलाही खरंच कळेना की दुसऱ्यानं दाराच्या मागं लिहून ठेवलेलं आपण उचलून पुढच्या खोलीत आणावं का. सुट्टी संपेपर्यंत विषय तसाच राहिला. परत निघायच्या दिवशी पप्पा स्टँडवर सोडायला आले. एसटीच्या खिडकीखाली उभं राहून म्हणाले, “आईनं सांगितलं मला. लिही तू. सगळं लिही, अर्धवट हिशेब काय कामाचा? फक्त मालकांचं नाव घालू नको. त्यांच्यावर पण वेळच आलीय.” गाडी सुटता सुटता हेही म्हणाले, “आणि आकडे तपासून घे.”

आकडे तपासलेत. आईचं मन वळलं का ते अजून माहीत नाही. अंक छापून आला की पहिली प्रत तिला पाठवायची आणि काय म्हणते ते बघायचं, असं ठरवलंय. ‘स्मृतिचित्रे’ परतीच्या गाडीत सुरू केलं. पुस्तकावर दंड चढतोय, मॅडमनी आणखी आठ दिवस द्यावेत ही इथूनच विनंती.

काल रविवार होता. सकाळी साडेआठला मेसच्या मागच्या कट्ट्यावर जाऊन फोन लावला. पप्पांच्या पगाराचं विचारलं. अजून नाही, पण मालकांनी सोमवारी बोलावलंय म्हणे. चष्म्याचं विचारलं. नळाला पाणी आलं का ते विचारलं. मग मी विचारलं, “दूध आलं का आज?”

“आलं की. थांब जरा,” आई म्हणाली, “ते पेन कुठं पडलंय बघते.”