हजाराची रांग

यंदाच्या पावसाळ्यात मी फायबरची काच कापायचा क्लीव्हर भाचीच्या हाती दिला. दिला म्हणजे द्यावा लागला. बहादूरशेख नाक्याच्या अलीकडे फांदी पडून माझ्या इंटरनेटची बारा कोअरची फायबर केबल तुटली होती. संध्याकाळचे साडेसहा, वर कुणीतरी छत्री धरलेली, माझ्या कपाळाला बॅटरी बांधलेली. बाराही जॉइंट मारले. स्प्लायसिंग मशीनने दरवेळी लॉस ०.०१ नाहीतर थेट ०.०० दाखवला. ट्रे बंद करून घरी आलो, गरम पाण्यात पाय सोडले आणि फोन सुरू झाले. नारिंगी कोअर मी गुलाबीला जोडली होती आणि गुलाबी नारिंगीला. जॉइंट अप्रतिम होते. मशीनला रंग कळत नाहीत.

दिवसाउजेडी अजून फसत नाही, पण बॅटरीच्या पिवळट उजेडात करडा आणि पांढरा, गुलाबी आणि नारिंगी आता माझ्या डोळ्यांना एकच दिसतात. चष्मा बदलून झाला. वरचं आवरण सोललं की उरते ती १२५ मायक्रॉनची काच, केसाएवढी. तिचा तुकडा बोटात गेला तर पूर्वी मी चिमट्याने एका झटक्यात काढायचो. हल्ली भाची काढते आणि मी दुसरीकडे बघतो.

भाची डिप्लोमा करून घरी बसली होती, म्हणून बहिणीने माझ्याकडे पाठवली. चार दिवसांत ती माझ्यापेक्षा सरळ कापायला लागली. मला आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगतो.

जॉइंटचा मला माज आहे, हे कबूल करून टाकतो. मशीन दाखवतं तो नुसता अंदाज असतो, खरा लॉस तपासणीचं ओटीडीआर यंत्र दोन्ही टोकांनी मारल्याशिवाय कळत नाही, हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत आहे. तरी ०.०० आलं की मी स्क्रीनचा फोटो काढतो. फोनमध्ये असे शेकड्यांनी फोटो आहेत. नातवंडांचे त्याहून कमी असतील. माझ्या ट्रेमधली वळणं देवळातल्या रांगोळीसारखी असतात असं एकदा एक इंजिनिअर म्हणाला होता, ते वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही.

तर माझ्या गिऱ्हाइकांतल्या एक बाई. हायस्कूलात शिकवतात, चिऱ्याचं जुनं घर, मागे आगर. जूनमध्ये त्यांचा फोन आला. ‘संध्याकाळी मार्क भरायला बसते, पान उघडतच नाही. गोल गोल फिरत राहतं. मध्येच लॉगिन जातं, सगळं पुन्हा.’ मी दुपारी गेलो. स्पीड टेस्ट मारली. शंभरचा प्लॅन, अठ्ठ्याण्णव आले. त्यांच्या सासूबाईंना आकडा दाखवला आणि चहा पिऊन निघालो. रात्री पुन्हा फोन.

सोपं होतं ते आधी केलं. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या कुशीत बसवला होता, तो मधल्या खोलीत उंचावर आणला. जांभ्याची दीड फुटी भिंत आणि त्यात पावसाची ओल, तिच्यापलीकडे पाच गिगाहर्ट्झ तग धरत नाही. दोन पॉइंट चारवाला जातो, पण शेजारच्या चार घरांचे राउटर त्याच चॅनलवर बोंबलत असतात. एक, सहा, अकरा यांतला त्यातल्या त्यात मोकळा धरला. कॉम्प्युटरला तर सरळ वायरच ओढून दिली, म्हणजे वायफायचं नावच नको. डीएनएस बदलून पाहिला. पान उघडेना.

इथून माझं डोकं फिरलं. ओएनटीवर, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्यावर, उजेडाची पॉवर येत होती मायनस २१.४. मायनस २७ पर्यंत यंत्र निमूट चालतं. मायनस १९ ला जे नेट मिळतं तेच मायनस २२ ला. उजेड पोचला की पोचला, जास्त पोचल्याने पान लवकर उघडत नाही. हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि तरीही मी खांबावर चढलो, जॉइंट कापून पुन्हा मारला, ड्रॉप वायर नवी टाकली, हिरव्या टोकाचा पॅचकॉर्ड बदलला. पॉवर आली मायनस १९.८. फोटो काढला. त्या रात्री बाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज थकलेला होता. ‘भाऊ, तुम्ही रोज येताय, मलाच लाज वाटते.’

अकरा दिवस असे गेले. जे हातात येतं तेच माणूस पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो. सुतार रंधा मारेल, मी जॉइंट मारणार.

त्या दिवसांत मी सगळ्या जगावर डाफरत होतो. पहिला राग वेबसाइट बनवणाऱ्यांवर. दीपप्रज्वलनाचा फोटो मोबाइलमधून निघाला तसाच चढवतात, चार हजार पिक्सेल रुंद, पाच-सहा एमबीचा, आणि पानावर दाखवतात काड्यापेटीएवढा. असे दहा फोटो ठेवले की शंभरच्या लाइनीलाही चार-पाच सेकंद लागणारच. शंभर म्हणजे शंभर मेगाबिट, मेगाबाइटमध्ये साडेबाराच, पण ते गिऱ्हाइकाला समजावायला गेलं की मीच चोर ठरतो. वर पान उघडायच्या आधी पाच ठिकाणचे अक्षरांचे साचे, जाहिराती, आपण कोण ते टिपून घेणारे हेर. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यानंतरची काही वर्षं डायल-अपच्या किंकाळीनंतर जे पान यायचं ते बिचारं हलकं असायचं. पुढे सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटलं गेलं. ती व्याख्या २०२३ मध्ये दोन मेगाबिटवर आली. नळ मोठा झाला तसतशी बादलीला भोकं वाढली.

दुसरा राग आमच्याच धंद्यातल्या नव्या मंडळींवर. जॉइंट मारायचा कंटाळा, म्हणून दाबून बसवायचे तयार कनेक्टर लावतात आणि वर काळी टेप. पहिल्या पावसाला त्यात पाणी. खांबावर गुंडाळी अशी की वाकून वाकून उजेड काचेतून बाहेर सांडतो. तक्रार आली की यांचं एकच औषध: प्लॅन वाढवा. (बाईंना तिसऱ्या दिवशी मीही दोनशेचा प्लॅन सुचवला होता. त्या ‘नको’ म्हणाल्या म्हणून बचावलो.)

भूगोलावरही रागावून झालं. काचेत उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा सर्व्हर इथून बारा हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे अगदी सरळ रेषेत केबल टाकली तरी जाऊन यायला सेकंदाचा आठवा भाग हवाच, आणि समुद्रातली केबल सरळ जात नाही. त्यापुढे माझा ०.०० काय करणार? पण बाईंचं पान उघडायचं ते मुंबईतून. मुंबईला जाऊन यायचा वेळ, म्हणजे पिंग, माझ्याकडे चौदा मिलिसेकंद. तोही बहाणा संपला.

बाराव्या दिवशी भाची म्हणाली, ‘मामा, तू नेहमी दुपारी जातोस. बाई दुपारी घरी नसतातच.’ खरंच, दार उघडायच्या त्यांच्या सासूबाई.

संध्याकाळी सातला आम्ही दोघं गेलो. मी सवयीने स्पीड टेस्ट मारली. साठ-सत्तर दिसले, म्हणजे काही वाईट नाहीत. भाचीने टेस्ट केलीच नाही. तिने काळ्या खिडकीत पिंग लावून ठेवला आणि खुर्चीवर मागे टेकून बसली. चौदा, पंधरा, चौदा, चौदा. बाई आणि त्यांची मुलगी क्लासवरून आल्या, छत्र्या पडवीत उघडून ठेवल्या, फोन चार्जिंगला लावले. चौदा. सोळा. तीनशे ऐंशी. नऊशे. अकराशे नव्वद. मग आकडा तिथेच चिकटून बसला. भाची उठली आणि दोन्ही फोनचं वायफाय बंद केलं. चौदा. पुन्हा चालू केलं. पाच-सहा सेकंदांत अकराशे.

फोटो वर चढत होते. वायफाय आणि चार्जर दोन्ही मिळाले की दिवसभरातले फोटो आणि व्हिडिओ आपोआप वर पाठवायचे, अशी फोनची सोय असते. मुलगी नाचाच्या क्लासला जाते, व्हिडिओंना तोटा नाही.

आता हिशेब ऐका, कारण तो मी त्या रात्री तीनदा केला. माझ्या शंभरच्या प्लॅनला वर जायला दहाच आहेत. ती मर्यादा मी घातलेली. वरून मला मिळणारी लाइन मोजकी, आणि अपलोड कोण बघतो, असा माझा खाक्या. ते दहा भरले की पुढची पॅकेटं माझ्याकडच्या राउटरवर रांगेत थांबतात. कारखान्यातून आलेली रांग पन्नासाची होती. मी ती हजाराची केली होती. का, तर पन्नास भरल्यावर पुढचं पॅकेट पडतं, आणि माझ्या लाइनीत पॅकेट पडत नाही असं मला छातीठोक सांगायचं असायचं. हजार पॅकेटं, प्रत्येकी दीड हजार बाइट, म्हणजे दीड मेगाबाइट, म्हणजे बारा मेगाबिट. दहाच्या वेगाने रिकामी व्हायला एक पूर्णांक दोन सेकंद. अकराशे नव्वद कुठून आले ते समजलं.

आणि पान उघडणं म्हणजे काही एकच धाव नसते. आधी पत्ता विचारायचा, मग सर्व्हरशी हात मिळवायचा, मग कुलूप-किल्लीच्या दोन फेऱ्या, मग कुठे ‘पान द्या’. पाच हेलपाटे. चौदाच्या हिशेबाने सेकंदाचा चौदावा भाग. बाराशेच्या हिशेबाने सहा सेकंद, आणि अजून एक अक्षरही आलेलं नाही. त्यातून प्रत्येक नवा पत्ता आला की पहिल्यापासून. कुंभार्ली घाटात ट्रकांची रांग लागली की मागच्या मोटरसायकलवाल्याच्या खिशात नुसती चिठ्ठी असली तरी तो तिथेच. बाईंच्या कॉम्प्युटरची ‘पान द्या’ ही चिठ्ठी नाचाच्या व्हिडिओमागे उभी होती.

या रोगाला नाव आहे, बफरब्लोट. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ते २०१० च्या सुमारास दिलं. त्यालाही तो स्वतःच्या घरच्या लाइनीवरच सापडला होता. हे भाचीने येताना गाडीवर मागे बसून सांगितलं. आणखी म्हणाली, ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीचं विद्यापीठ आणि शेजारची प्रयोगशाळा, चारशे यार्डांचं अंतर, त्यातलं नेट ३२ हजार बिटवरून चाळीस बिटवर आलं होतं. तारा शाबूत होत्या, नुसती गर्दी झाली होती. तिथल्याच व्हॅन जेकबसनने ते कोडं सोडवलं आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्सबरोबर रांगेवर उपाय काढला: रांग किती लांब ते पाहूच नका, पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजा, आणि ठरल्यापेक्षा जास्त वेळ थांबायला लागलं तर टाकून द्या.

टाकून द्या! मी गाडी हळू केली. लाइनीत काही पडू नये म्हणून ज्याने जन्म घालवला त्याला हे कसं पचावं? २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मी बायकोच्या आधी स्प्लायसिंग मशीन माडीवर नेलं होतं. (त्यावरून अजून ऐकतो.) आणि आता सांगतात, थोडं पडू द्या. पडलं की पाठवणाऱ्याला कळतं, तो हात आखडता घेतो, रांग ओसरते. पडूच दिलं नाही तर त्याला कळायचं कसं? तो ढकलत राहतो. माझ्या हजाराच्या रांगेने दहा वर्षं ही बातमी दाबून ठेवली होती.

रात्री अकराला राउटरवर भाचीने हजाराचा आकडा काढला आणि नवी पद्धत लावली. तिच्यात प्रत्येकाची रांग वेगळी, त्यामुळे चिठ्ठीवाला बाजूने सटकतो. माझ्याकडून नुसता पासवर्ड घेतला. चार मिनिटांचं काम. शिडी नाही, छत्री नाही, अल्कोहोलचा वास नाही. दुसऱ्या संध्याकाळी बाईंच्या घरी फोटो वर चढत असतानाच पिंग बावीस-चोवीस. पान उघडलं, बाई टाळी वाजवून हसल्या.

‘काय झालं होतं हो भाऊ?’

‘वरच्या लाइनीत दोष होता,’ मी म्हणालो. ‘काढला.’

भाची वायर गुंडाळत होती. तिने वर पाहिलं नाही. बाईंनी फणसाचे तळलेले गरे डबाभर दिले, ते मी घेतले.

त्यानंतर जुनी तक्रार-वही काढून बसलो. संध्याकाळचं नेट स्लो म्हणून ज्यांचे जॉइंट मी कापून पुन्हा मारले, असे एकाच वर्षातले एकोणचाळीस सापडले. मागच्या वह्या उघडल्या नाहीत. प्रत्येकासमोर माझ्या अक्षरात पॉवरचे दोन आकडे, आधीचा आणि नंतरचा. नंतरचा नेहमी चांगला. त्यांतले कितीतरी लोक पुढे लाइन सोडून गेले. ते दर स्वस्त देणाऱ्याकडे गेले असं मी समजत होतो.

बाईंच्या तक्रारीपुढची जागा मी मोकळी ठेवली होती. सकाळी पाहिलं तर भाचीने भरलेली. तारीख, वेळ, मग: ‘रांग १००० होती. बदलली. चूक आपली.’ तिने ‘मामाची’ लिहिलं नव्हतं. मी पेन उघडून बराच वेळ बसलो, खाली पॉवर लिहायची राहिली होती. मायनस १९.८. लिहिली.

बाईंना अजून फोन केलेला नाही. डबा परत द्यायचा आहे, तेव्हा सांगेन म्हणतो.