उताराची शिकवणी

“सर, हिला स्टेटला कधी खेळवाल?” रविवारी सकाळी मुलीला सोडायला आलेल्या वडिलांचा हा पहिला प्रश्न. दुसरा, दहावीला वाढीव गुण मिळतात का. तिसरा, पुढं खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून नोकरीचं काही जमेल का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. महाड-पोलादपुरातला बाप पोरांच्या खेळाकडे याच नजरेनं बघणार, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. मी त्यांना शालेय स्पर्धांची माहिती देतो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेनं खेलो इंडियात मिळवलेल्या सुवर्णपदकांबद्दल सांगतो आणि मग उलट विचारतो, हिच्या सायकलचे ब्रेक शेवटचे कधी बघितलेत? इथं बहुतेक वडील गप्प होतात आणि माझं काम सुरू होतं.

मी पगारी प्रशिक्षक नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा माझ्याकडे नाही. औद्योगिक वसाहतीत मशिनांची देखभाल करतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या छोट्या क्लबातल्या मुलांना सायकल शिकवतो. मानधन नाही, उलट ट्यूब, पॅच आणि केळ्यांचा खर्च आपलाच. मराठी मुलखातलं सायकलिंग बरंचसं अशाच हौशी माणसांनी उभं केलंय. २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही जवळपास ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण करणारे नाशिकचे महाजन बंधू पेशानं डॉक्टर. आमच्या शेजारी दापोली, चिपळूण, रत्नागिरीचे क्लब आहेत, तेही नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणाऱ्यांच्याच जिवावर चालतात. स्वयंसेवक प्रशिक्षक कसं व्हायचं, असं विचारणाऱ्याला मी सांगतो की आधी आपला तालुका बघ. नाशिकला किंवा पुण्यात जे शिकवावं लागतं ते इथं दुय्यम ठरतं.

आमचा तालुका म्हणजे काय? पोलादपूर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही आत, आणि तिथून चाळीसेक किलोमीटरवरचं महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. मधे आंबेनळी घाट. दक्षिणेला खेडच्या वाटेवर कशेडी. महाडहून भोरकडे जाणारा वरंधा. रायगडाच्या पायथ्याचं पाचाड गाठायचं तर कोंझरनंतर चढ. सपाट म्हणून जी लांब पट्टी आहे ती मुंबई-गोवा महामार्गाची, आणि तिथं मुलांना नेण्यापेक्षा न नेलेलं बरं. सर्व्हिस रोडवरून उलट्या दिशेनं येणाऱ्या मोटरसायकली हा तिथला खरा घाट आहे.

अशा मुलखात चढ शिकवावा लागत नाही. उमरठकडचं किंवा कापड्याचं पोर रोज शाळेला येता-जाता चढच चढतं. त्याचे पाय तयार असतात, दम तयार असतो. मी सांगतो ते एवढंच की पॅडल दाबू नको, फिरव. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे पडू देत, गुडघे वाचतील. बाकी सगळी शिकवणी उताराची. माझ्या मते घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या प्रशिक्षकाची परीक्षा मुलं किती वेगानं वर गेली यावर होऊच नये, खाली कशी आली यावर व्हावी.

उताराची सुरुवात घाटात होत नाही, शाळेच्या मैदानावर होते. गॅदरिंगला स्लो सायकलिंगची स्पर्धा असते, सगळ्यात शेवटी पोहोचणारा जिंकतो. लोक तिला गंमत समजतात. मला विचाराल तर सायकलवरचा ताबा तपासायला याहून चांगली परीक्षा नाही. त्यानंतर आठाच्या आकड्यात फिरणं. मग जमिनीवर ठेवलेली पाण्याची बाटली चालत्या सायकलवरून उचलणं. मग सर्वांत महत्त्वाचं, मान वळवून मागं बघायचं आणि चाक मात्र रेषेवरून हलू द्यायचं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. मान उजवीकडे गेली की हात मागोमाग जातात आणि सायकल रस्त्याच्या मधे येते. मागून येणाऱ्या डंपरला या चुकीची सवलत द्यायला वेळ नसतो. जोवर हे जमत नाही तोवर आमच्या क्लबात कुणी रस्त्यावर येत नाही, मग त्याची सायकल कितीही महागाची असो.

पुढं ब्रेक. मुलं मागचाच ब्रेक दाबतात, कारण कुणीतरी लहानपणी भीती घातलेली असते की पुढचा दाबलास तर उलटा पडशील. खरं तर उतारावर वजन पुढच्या चाकावर जातं, त्यामुळं थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. दोन्ही ब्रेक, हळूहळू वाढवत, बूड सीटवर थोडं मागं सरकवून, असं आम्ही मैदानावर खडूची रेघ मारून करून घेतो. वळणाचा नियम त्याहून कडक. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक सैल. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, त्यावर वजन. नजर चाकापुढच्या खड्ड्यावर नाही, वळण जिथं संपतं तिथं. आंबेनळीत एसटी वळण घेताना जवळजवळ सगळा रस्ता व्यापते, तेव्हा हॉर्न ऐकला की कडेला घेऊन उभं राहायचं. यात कमीपणा नाही. दरीच्या बाजूला मात्र कुणी उभं राहायचं नाही. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि तीस माणसं गेली, एक वाचला. आमच्याकडच्या पालकांना घाटाचा धोका समजावून सांगावा लागत नाही. उलट त्या भीतीतून मुलांना घाटात पाठवावं की नाही, हा त्यांचा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर शिकवणीतूनच द्यावं लागतं.

ब्रेकबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण त्या कुठं छापून आलेल्या मी फारशा बघितल्या नाहीत. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवला की रिम तापते, आणि फार तापली तर ट्यूब फुटू शकते. म्हणून दाबा, सोडा, दाबा, सोडा. आणि मधे थांबा. थांबलं की मुलं रिमजवळ हात नेऊन बघतात आणि “आई गं!” म्हणून मागं घेतात, मग मला काही बोलावं लागत नाही. दुसरी गोष्ट जुन्या काळ्या सायकलींची. आजोबांची दांडीच्या ब्रेकची सायकल अजून बऱ्याच घरांत आहे आणि ती चालवायला छानच आहे. पण तिची रिम लोखंडी असते. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून सरकतं, ॲल्युमिनियमच्या रिमच्या मानानं फारच कमी पकड मिळते. ॲल्युमिनियमवरही पावसात पहिले एक-दोन फेरे पाणी पुसण्यातच जातात, मग ब्रेक लागतो. म्हणून आमचा नियम असा की दांडीच्या ब्रेकची सायकल घाट चढली तरी खाली टेम्पोतून येते. रुसवेफुगवे होतात. होऊ देत.

पावसाचं म्हणाल तर चार महिने घाट आम्हाला बंदच. दरडी येतात, वरंधा तर पावसाळ्यात बऱ्याचदा वाहतुकीलाच बंद असतो. २२ जुलै २०२१ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर लोकांच्या तळमजल्यांतून चिखलानं भरलेल्या सायकली बाहेर निघाल्या. त्यांचे हब उघडून छर्रे धुणं, नवं ग्रीस भरणं, गंजलेली चेन रॉकेलमध्ये बुडवून ठेवणं, या कामातून आमच्याकडे पावसाळी वर्ग सुरू झाला आणि तो मग दरवर्षी होऊ लागला. पंक्चर काढता येत नाही त्याला आम्ही ‘सायकलिस्ट’ म्हणत नाही, ‘प्रवासी’ म्हणतो. सीटची उंचीही तेव्हाच शिकवतो: सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. शाळकरी मुलांच्या सायकली मोठं होईल म्हणून दोन इंच मोठ्या घेतलेल्या असतात, त्यामुळं ही शिकवणी पालकांसमोर घेतो.

पाऊस संपला की रस्त्यांची निवड करायची. महाडहून नाते मार्गे कोंझरपर्यंतचा रायगडचा रस्ता नवशिक्यांना चांगला. मात्र ६ जूनच्या शिवराज्याभिषेकाला आणि २० मार्चला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, लाखो माणसं येतात. तेव्हा रस्ता त्यांचा. त्या दिवसांत क्लब पाणीवाटपाला उभा राहतो, सराव बंद. कशेडीची गोष्ट मात्र अलीकडे बदलली. बोगदा २०२३च्या गणपतीत पहिल्यांदा लहान गाड्यांना खुला झाला आणि तेव्हापासून जुन्या घाटातली वर्दळ ओसरत गेली. ज्या वळणांवर ट्रकच्या धुरात श्वास घेणं मुश्कील होतं तिथं आता सकाळी माकडं बसलेली असतात. उतार शिकवायला कोकणात याहून बरी जागा मला माहीत नाही. रस्त्याची डागडुजी मात्र कुणी तरी करायला हवी.

खाण्याचं थोडक्यात. कंपन्यांच्या जेलच्या पुड्या मी मुलांना देत नाही. केळं, शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत एवढ्यावर पोलादपूर ते महाबळेश्वर होतं. आमच्या दमट हवेत घाम जास्त जातो, म्हणून मीठ विसरायचं नाही.

आता शिकवण्यापेक्षा अवघड भाग. लहान मुलं ताब्यात घेणारा मोठा माणूस, मग तो कितीही सज्जन असो, त्याच्यावर नियम हवेत. जून २०२२मध्ये स्लोव्हेनियात सराव शिबिराला गेलेल्या भारतीय महिला सायकलपटूनं राष्ट्रीय प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. क्रीडा प्राधिकरणानं संघाला परत बोलावलं आणि त्या प्रशिक्षकाचा करार संपवला. ही बातमी वाचून गावोगावच्या क्लबांनी दचकायला हवं होतं. मला तसं फारसं दिसलं नाही. आमच्याकडे त्यानंतर काही गोष्टी लेखी झाल्या. एकट्या मुलाला किंवा मुलीला घेऊन कुणी प्रशिक्षक राईडला जाणार नाही. निरोप पालकांच्या ग्रुपवरच, मुलाच्या फोनवर खासगीत नाही. सीटची उंची ठरवताना किंवा पडल्यावर मलमपट्टी करताना दुसरं मोठं माणूस हजर. पॉक्सो कायदा २०१२चा आहे, तो काय सांगतो ते नव्या स्वयंसेवकाला आधी वाचायला लावतो. एक-दोघं यावर नाराज होऊन निघून गेले. ते गेले हे बरंच झालं.

असल्या लहान क्लबातून काय उभं राहतं, याचं उदाहरण बाहेरचं देतो. वेल्समधल्या कार्डिफ शहरात मेंडी नावाच्या उघड्या काँक्रीटच्या ट्रॅकवर मुलांसाठी स्वयंसेवकांनी चालवलेला एक क्लब आहे, मेंडी फ्लायर्स. २०१८ची टूर द फ्रान्स जिंकणारा गेरंट थॉमस त्याच क्लबात लहानपणी शिकला. हे मी पालकांना सांगतो, पण बेताबेतानं. कारण लगेच पुढचा प्रश्न येतो, मग आपली कधी जिंकणार? महाडात ट्रॅक नाही. राज्यात वेलोड्रोम म्हणावं असं ठिकाण पुण्याच्या बालेवाडीत, तिथपर्यंत पोर नेणं परवडत नाही. आमच्याकडे घाट आहेत, त्यांच्यावर जे शिकता येतं ते आम्ही नीट शिकवतो.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. सातवी-आठवीपर्यंत मुलं आणि मुली जवळपास सारख्या असतात. नववीला मुली कमी होतात, दहावीला दिसेनाशा होतात. अभ्यास हे कारण सांगितलं जातं, पण मुलगे त्याच अभ्यासात येत राहतात. आयांशी बोललं की खरं कळतं: पहाटे अंधारात निघायचं, घाटात थांबायचं, आणि बरोबर एकही बाई नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि त्यावर माझ्यासारख्या पुरुषाकडे उपाय नाही. बिरवाडी, महाड, पोलादपूरमध्ये शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, कंपन्यांत काम करणाऱ्या आहेत, ज्यांनी शाळेत सायकल चालवली होती. घाट चढता येण्याची अट नाही. टेम्पोत बसून आलात तरी चालेल, वेग तर मुळीच नको. प्रथमोपचार आणि पंक्चर आम्ही शिकवू. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी पोलादपूर एसटी स्टँडसमोर सकाळी सहाला आम्ही असतो. महिन्यातला एक रविवार द्या.