पाण्याआधी निरोप

२०२१ च्या जुलैत रॉटरडॅममधल्या गोमंतकीय घरांपर्यंत दोन पूर आले, नऊ दिवसांच्या अंतराने. १४ तारखेला नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला, लिंबुर्ग प्रांतात, ग्यूल ही एरवी ओढ्याएवढी असलेली नदी फाल्केनबुर्ग गावात शिरली. २२ तारखेला चिपळूण बुडाले आणि २३ ला गोव्यातल्या नद्या एकदम चढल्या. पेडणे, डिचोली आणि सत्तरीतल्या घरांत पाणी गेले. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले. रॉटरडॅमहून इब्रामपूरला आणि साखळीला फोन लागत होते. पलीकडून कोणी उचलला की पहिला प्रश्न एकच, ‘पाणी खंयसर इला?’

परदेशात राहणाऱ्याला हा प्रश्न विचारण्यापलीकडे काही करता येत नाही. पण पाण्याआधी निरोप पोहोचला तर काय फरक पडतो, हे त्या आठवड्यात या माणसांना फार जवळून पाहायला मिळाले. फाल्केनबुर्गला नदीने फारसा वेळ दिला नव्हता; तिथे नुकसान मोठे झाले. खालच्या अंगाला, मास नदीच्या काठी फेन्लो शहरात मात्र रुग्णालयातले दोनशेच्या आसपास रुग्ण पाणी शिगेला पोहोचण्याआधीच दुसरीकडे हलवून झाले होते. लिंबुर्गमधल्या त्या पुरात माणूस दगावला नाही. शेजारच्या जर्मनीत त्याच पावसाने १८० हून अधिक बळी घेतले. युरोपच्या पूर-पूर्वसूचना यंत्रणेने जर्मनीला काही दिवस आधीच इशारे पाठवले होते, हे विशेष. संगणकाला पूर कळला होता, पण जर्मनीतल्या आर खोऱ्यातल्या घराघरांत इशारा वेळेवर पोहोचला नाही. नेदरलँड्समध्ये २०१२ पासून एनएल-अलर्ट आहे. मोबाइल टॉवरच्या टप्प्यातल्या प्रत्येक फोनवर तो संदेश मोठ्या आवाजासह उमटतो, त्यासाठी ना ॲप लागते ना नंबर नोंदवावा लागतो. जर्मनीने ही सोय त्या पुरानंतर, २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू केली.

रॉटरडॅम गोव्यातल्या जुन्या तारवट्यांना, म्हणजे खलाशांना, बंदर म्हणून ठाऊक होते. आताची पिढी कार्यालयांत, प्रयोगशाळांत, गोदामांत कामाला येते आणि शहराच्या आत राहते. आत राहिल्यावर कळते की या शहराचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. देशातली सर्वांत खोल जमीन, समुद्रसपाटीखाली ६.७६ मीटर, शहराच्या वेशीपासून फार दूर नाही. १९५३ च्या फेब्रुवारीतल्या वादळात बांध फुटून १,८३६ माणसे गेली. त्यानंतर या देशाने समुद्राशी जे बांधकाम मांडले त्याचे शेवटचे टोक म्हणजे रॉटरडॅमच्या तोंडाशी उभा असलेला मास्लांट अडथळा. २१० मीटर रुंदीचे दोन पोलादी दरवाजे १९९७ पासून तिथे आहेत. ते मिटायचे की नाही हे माणूस ठरवत नाही. समुद्राची पातळी, वारा आणि नदीचा प्रवाह यांचा हिशेब संगणक करतो, आणि शहराकडे तीन मीटरपेक्षा जास्त पाणी येणार असे दिसले की दरवाजे पुढे सरकवतो. २१ डिसेंबर २०२३ रोजी पाणी चढल्यामुळे ते पहिल्यांदाच असे आपणहून मिटले.

कोरगावच्या किंवा पिळगावच्या माणसाला यात ओळखीचे काही दिसले नाही तरच नवल. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधात मानस असते. भरती चढली की खाऱ्या पाण्याच्या दाबानेच तिची लाकडी झडप मिटते. ओहोटी लागली की शेतातले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. वीज नाही, पहारेकरी नाही. समुद्रसपाटीच्या पातळीला भाताचे पीक काढण्याची ही युक्ती गोव्यात शतकानुशतके चालली आणि खाऱ्या मातीतला कोरगुट तांदूळ तिच्याच आधाराने टिकला.

खरा फरक दरवाजामागच्या माणसांत आहे. रॉटरडॅमच्या पाण्याची जबाबदारी महापालिकेइतकीच ‘वॉटरस्काप’ नावाच्या पाणी-मंडळांवर आहे. देशात अशी २१ मंडळे आहेत. रॉटरडॅमच्या पश्चिमेकडचे डेल्फलांट मंडळ १२८९ पासूनचे. त्यांच्या निवडणुका होतात, त्यांचा कर वेगळ्या बिलाने येतो आणि त्या बिलावर कुरकुर करणारा शेजारीही बांधाची पाहणी झाली का, हे विचारतो. संगणक आला तेव्हा तो या जुन्या मंडळांच्या हाती आला. पंपाची वेळ, कालव्याची पातळी, बांधातला ओलावा पडद्यावर दिसू लागला, पण उत्तर द्यायला बांधील माणसे तीच राहिली.

गोव्यात हेच काम ‘गावकरी’ ही गावाची जुनी सामुदायिक संस्था करत असे. बांध दुरुस्त ठेवणे, मानशीतल्या मासेमारीचा लिलाव करणे आणि त्या पैशातून पुन्हा बांधावर माती घालणे, हा तिचा कारभार. कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे गेली. काही संघटना नेटाने काम करतात. अनेक ठिकाणी बांध फुटला की सरकारी अनुदानाची वाट पाहिली जाते आणि तोवर खारे पाणी शेतात मुरते. अशा बांधावर पातळी मोजणारे यंत्र बसवता येईल, खर्चही फार नाही. पण त्याचा संदेश कोणाच्या फोनवर जाणार आणि तो आल्यावर टोपली-फावडे घेऊन कोण निघणार, हे आधी ठरायला हवे.

रॉटरडॅममधल्या गोष्टी उचलून डिचोलीत मांडता येत नाहीत, हेही इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे सायकल काढण्यापूर्वी लोक बाउएनराडार उघडून पुढच्या दोन तासांतला पाऊस बघतात. बेंथेमप्लाइन चौक मुलांना खेळायला आहे आणि जोराचा पाऊस आला की तोच १७ लाख लिटर पाणी धरतो. स्पांगेन भागात पावसाचे पाणी जमिनीखाली साठवून, गाळून, स्पार्टा क्लबच्या फुटबॉल मैदानाला दिले जाते. सुंदर कामे आहेत. पण इथे वर्षाला पाऊस ८५०-९०० मिलिमीटर. गोव्यात तीन हजारांच्या आसपास, तोही मुख्यतः चार महिन्यांत. २०२४ च्या पावसाळ्यात तर चार हजारांच्या वर गेला. साखळीत वाळवंटी नदीच्या काठी पाणी उपसून नदीत टाकणारे पंप बसवले आहेत. पण नदीच तुडुंब असली तर पंपाने पाणी टाकायचे कुठे? नदीत खाणींची माती किती उतरली, मोपाच्या जांभ्या सड्यावर विमानतळ झाल्यावर तिथले पाणी कोणत्या ओहोळाने उतरते, याचे मोजमाप गावाला बघायला मिळणे हे एखाद्या शोभिवंत चौकापेक्षा अधिक गरजेचे आहे. पणजी २०१६ पासून स्मार्ट सिटी योजनेत होती आणि राजधानीत बराच पैसा आला. पेडणे आणि डिचोलीच्या नद्या त्या नकाशाच्या बाहेर राहिल्या.

त्यातली सर्वांत निकडीची नदी तिळारी. धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात. प्रकल्प दोन्ही राज्यांचा. कालव्यांचे पाणी पेडणे, डिचोली आणि बार्देशला मिळते. नदी मात्र सीमा ओलांडून पेडण्याच्या आणि डिचोलीच्या गावांजवळून वाहते आणि पुढे शापोरा होऊन समुद्राला मिळते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस आणि धरणाचा विसर्ग एकत्र आले आणि साळ, इब्रामपूर, हसापूर या गावांत पाणी शिरले. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले, त्या गोष्टीला सव्वादोनशेहून अधिक वर्षे झाली. पाणी आजही जुन्या मुलखातूनच येते. सोयरीकही तशीच टिकली आहे. म्हणून विसर्ग वाढल्याची बातमी इब्रामपूरला अनेकदा मणेरीत किंवा कुडाशात दिलेल्या बहिणीच्या फोनवरून कळते. सरकारी निरोप धरणावरून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून पलीकडच्या राज्याला, तिथून मामलेदाराला आणि मग पंचाला असा उतरतो.

डच माणसालाही वरचे शेजारी आहेत. ऱ्हाइन जर्मनीतून येते, मास बेल्जियममधून. पण ऱ्हाइन देशात शिरते त्या लोबिथच्या ठिकाणची पातळी पूर्वी रेडिओवर रोज वाचली जाई, आणि आज सरकारच्या संकेतस्थळावर दर दहा मिनिटांनी बदलते. जर्मनीतल्या वरच्या ठाण्यांचे आकडेही सगळ्यांना खुले आहेत. नौकेचा तांडेल, शेतकरी आणि शाळेतला मुलगा तोच आकडा बघतात. १९९५ मध्ये बांध फुटतील या भीतीने नद्यांच्या पट्ट्यातून सुमारे अडीच लाख माणसे हलवली गेली. बांध टिकले. 

आपल्याकडे साधने नाहीत असेही नाही. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस, नदी आणि धरणांची पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रणा महाराष्ट्राने कधीच उभारली आहे. गोवा केंद्राच्या जलविज्ञान प्रकल्पात दुसऱ्या टप्प्यात सामील झाला. पणजीत आल्तिनोवर हवामान खात्याचे डॉप्लर रडार फिरते. मोबाइल टॉवरवरून थेट इशारा देण्याच्या चाचण्या भारतात २०२३ मध्ये झाल्या, आणि त्या दिवशी वाजलेला फोन अनेकांना आठवत असेल. सगळे तुकडे तयार आहेत. ते साळच्या वाड्यापर्यंत जोडलेले नाहीत.

जोडायचे काय, हे रॉटरडॅममधल्या गोमंतकीयांच्या गप्पांत पुष्कळदा निघते. यातले काही जण याच क्षेत्रात काम करतात, त्यामुळे बोलणे हळहळीवर थांबत नाही. तिळारीची पातळी आणि विसर्ग दर पंधरा मिनिटांनी दोन्ही राज्यांच्या लोकांना दिसावा, मराठीत आणि कोंकणीत. इब्रामपूर आणि साळच्या पुलांवर पातळी मोजणारे रडार बसावे. विसर्ग सुरू करण्याआधी खालच्या गावांतल्या प्रत्येक फोनवर इशारा जावा, आणि रात्री टॉवर बंद पडला तर देवळाच्या आवारातला भोंगा वाजवायची जबाबदारी गावातल्या दोघांवर नावानिशी सोपवलेली असावी. पावसाळ्याआधी, मेमध्ये, याची एकदा रंगीत तालीम व्हावी. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना कोणाच्या गाडीतून कुठल्या शाळेत न्यायचे ते त्या दिवशी करून बघावे. तिळारीसाठी दोन राज्यांचे आंतरराज्य नियंत्रण मंडळ आहेच. कालव्यांची दुरुस्ती आणि खर्चाची वाटणी यांच्या शेजारी हा विषय त्याच्या पुढच्या बैठकीच्या टिपणात यायला हवा, आणि ती मागणी पेडणे आणि डिचोलीच्या ग्रामसभांनी ठराव करून पाठवायला हवी.