फाटलेलं खोड आणि बदललेलं मत

बोन्सायचं खोड वाकवताना फाटलं, तर चिरेच्या खाली सरळ कापायचं आणि खालून येणाऱ्या फुटव्यावर नवं झाड घडवायचं, हे मी वर्षानुवर्षं ठामपणे सांगत आले. ठाण्यात आमचा बोन्साय करणाऱ्यांचा लहानसा गोतावळा आहे. कुणी फाटलेलं झाड घेऊन आलं की माझा निकाल ठरलेला. कापायला जीव होत नसेल, तर दुसरा उपाय: जखमेवर पेस्ट थापा, वरच्या फांद्या छाटून झाडावरचा भार हलका करा आणि डाग मागे जाईल अशी कुंडी फिरवा. ही शिकवण मी पुस्तकांतून उचललेली. पुस्तकं पाइन आणि ज्युनिपरची; आमच्या बाल्कन्यांत मात्र नांदरूक, वड, उंबर, बोगनवेल.

या निकालाला पहिला धक्का दिला तो डोंबिवलीच्या माझ्या नणंदेने. अंगठ्याएवढ्या जाडीच्या नांदरुकाला तिने अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळली, एका दमात वाकवलं आणि बाकाच्या बाहेरच्या अंगाला खोड कडकन उकललं. फोनवर मी नेहमीचं सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, एवढी हिरवीगार पानं आहेत, हात धजत नाही." तिने बाक किंचित सैल केला, चिरेच्या कडा जुळवल्या, वाहता चीक ओल्या फडक्याने पुसला, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली आणि कुंडी ग्रिलमध्ये सावलीला ठेवली. एक पान खुडलं नाही. पावसाळा तोंडावर होता. दिवाळीच्या सुमारास पट्टी सोडली, तर चीर दोन्ही कडांनी फुगून मिटत आली होती. मला ते फारसं आवडलं नाही. योगायोग म्हणून मी विषय टाळला.

पण डोक्यातून जाईना. खोड वाकतं तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते, म्हणून उकलतं ते बाहेरून. झाडाचं पाणी आणि अन्न उभं वाहतं. त्यामुळे धाग्यांच्या दिशेने गेलेली उभी चीर दिसायला भयंकर असली तरी आडव्या चिरेइतकी घातक नसते. जिवंत वाढ होते ती सालीखालच्या एका पातळ थरात. आतल्या बाजूची साल शाबूत असेल आणि फाटलेल्या कडा एकमेकींना टेकल्या, सुकल्या नाहीत, तर तो थर पुन्हा सांधला जाऊ शकतो. कलमं बांधणाऱ्या कोकणातल्या कुठल्याही माळ्याला हे ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, फक्त कलमापुरतं.

पानांचा मुद्दा तर त्याहून साधा. जखम भरायला लागणारं अन्न पानांत तयार होतं आणि सालीतून खाली उतरतं. वरच्या फांद्या छाटून 'भार हलका' करणं म्हणजे आजाऱ्याचं जेवण तोडणं. आता मी उलट सांगते: जखमेच्या वरची एखादी फांदी मोकाट वाढू द्या, जखम मिटली की मग कापा. आणि तोवर कुंडी बदलू नका, मुळांना हात लावू नका.

पेस्टवरची श्रद्धाही उतरली. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडं करवतीने उभी चिरून पाहिली आणि 1970च्या दशकात मांडलं, की झाड जखमी भाग दुरुस्त करत नाही. त्याला आतून कोंडून घेतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. वरून लावलेली लेपनं कूज थांबवत नाहीत. मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट माझ्या कपाटात अजून आहे, पण डबा क्वचित उघडतो. कडा सुकू नयेत एवढ्यापुरता लेप मला चालतो.

हवामानाचा हिशेबही मला नव्याने मांडावा लागला. फाटलेल्या जागी लाकूड सोलून, वाळवून शोभेला ठेवायची जपानी रीत आहे. मासाहिको किमुरांनी तर यंत्राची हत्यारं चालवून ज्युनिपरवर अचाट कामं केली. ज्युनिपरचं राळयुक्त लाकूड टिकतं. नांदरुकाचं मऊ लाकूड आपल्या चार महिन्यांच्या पावसात कुजतं, मग वाळवी येते. पण तोच पाऊस पारंब्या देतो. दमट हवेत सुटलेली पारंबी शीतपेयाच्या नळीतून मातीपर्यंत उतरवायची, जखमेला टेकवून बांधायची. जाड झाली की ती खोडाला चिकटते आणि डागाचं खोडच होऊन जातं. हे ज्युनिपरला जमणारं काम नाही.

ठाणे महापालिकेच्या 'वृक्षवल्ली' प्रदर्शनात पूर्वी मी गुळगुळीत खोडांपुढे रेंगाळायची. आता मागच्या बाजूने वाकून बघते, कुठे काय सांधलंय ते. सोबतच्यांना याचा कंटाळा येतो.

बोगनवेलीबाबत मात्र माझं जुनं मत शाबूत आहे. तिचं जाड खोड ठिसूळ. मोडलं की आडवंच मोडतं आणि वरचा भाग सहसा वाळतो. तिथे मी आजही कापा म्हणते, खालून फुटवे भरभरून येतात. नणंदेला हेही पटत नाही. तिने एक मोडकी बोगनवेल ट्यूबने बांधून ठेवली आहे, मला न विचारता.