किल्ली नावाचं गाव

सोफियाहून स्त्रुमा नदीच्या काठानं दक्षिणेला निघालो. क्रेस्नाची घळ मागे पडली तशी हवा उबदार झाली, आणि पेत्रिच गावाशी बेलासित्सा डोंगर एकदम समोर उभा राहिला. पायथ्याला चेस्टनटची जुनी रानं, माथ्यावर ग्रीसची सरहद्द. मला जायचं होतं पश्चिमेला, क्ल्यूच गावाजवळच्या खिंडीत. क्ल्यूच म्हणजे किल्ली. ग्रीक इतिहासकारांनी दिलेलं क्लैदिऑन हे नावही त्याच अर्थाचं.

खिंड फार अरुंद नाही. दक्षिणेला बेलासित्सा, उत्तरेला ओग्राझ्देन आणि मधून वाहणारी स्त्रुमेश्नित्सा. बल्गेरियाचा झार सामुइल यानं ही वाट लाकडी कूड आणि मातीचे बांध घालून अडवली होती. 1014च्या उन्हाळ्यात बायझंटाइन सम्राट दुसरा बासिल इथं धडका देऊन थकला. तेव्हा त्याचा सेनापती निकेफोरस झिफियास तुकडी घेऊन बेलासित्सावर चढला आणि 29 जुलैला बल्गेरियनांच्या पाठीवर उतरला. फळी फुटली. सामुइलला त्याच्या मुलानं, गाव्रिल रादोमिरनं, वाचवून नेलं. बेलासित्साच्या 2029 मीटर उंच शिखराला आज रादोमिर म्हणतात.

तिथल्या स्मारकापाशी मी बराच वेळ थांबलो. बासिलनं कैद्यांचे डोळे काढले. दर शंभरांमागे एकाचा एक डोळा ठेवला, बाकीच्यांना घरी न्यायला. स्किलित्झेस हा इतिहासकार कैदी 15,000 सांगतो, केकाव्मेनोस 14,000. आजच्या अभ्यासकांना हे आकडे फुगवलेले वाटतात. पण शंभरच असते, तरी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चाललेली ती रांग मला याच नदीकाठी दिसली असती. ती माणसं समोर आली तेव्हा सामुइल कोसळला आणि 6 ऑक्टोबरला वारला.

परतताना मी पुन्हा डोंगराकडे पाहिलं. ज्या क्रौर्यानं सामुइल संपला, त्यानं त्याचं राज्य संपलं नाही. बल्गेरियन आणखी चार वर्षं लढले. 1018 मध्ये झार इव्हान व्लादिस्लाव लढाईत पडल्यावर सरदार शरण आले. त्यांना बासिलनं पदव्या दिल्या आणि रयतेचा सारा पूर्वीसारखाच धान्यात घेण्याचं मान्य केलं. खिंड त्यानं शस्त्रानं जिंकली. देश ताब्यात आला तो या सवलतींनी.